दळणाची ज्वारी : सोलापूरच्या निवडीचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यात दळण म्हणजे मुख्यतः ज्वारीचे दळण. गव्हाची पोळी सणावाराला, बाजरीची भाकरी थंडीत आणि भोगीला, पण रोजच्या ताटातली भाकरी ज्वारीची, हा इथला कित्येक पिढ्यांचा शिरस्ता. मका या जिल्ह्यात पिकतो, पण त्याचा मोठा भाग कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्याकडे जातो. घरच्या पिठाच्या डब्यात त्याला फारशी जागा मिळाली नाही. म्हणून घरी दळण्यासाठी धान्य कुठून आणायचे, ते कसे पारखायचे आणि किती दळायचे, या प्रश्नांचा इथला इतिहास हा ज्वारीचाच इतिहास आहे. तो शेतापासून सुरू होतो आणि खळे, पेव, जाते, बाजार, संशोधन केंद्र व पिठाची गिरणी असा प्रवास करत जुळे सोलापूरच्या सदनिकांपर्यंत येतो.

दाणा आणि जमीन

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानच्या परिसरात सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी ती माणसाने लागवडीखाली आणल्याचे पुरावे मिळाले आहेत. भारतात ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात पोहोचली आणि दख्खनच्या कोरड्या पठारावर स्थिरावली. मका मात्र अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या काळात आला. तोपर्यंत दख्खनच्या चुलीवर ज्वारीचे आसन पक्के झाले होते.

सोलापूरच्या ज्वारीचे वैशिष्ट्य तिच्या हंगामात आहे. महाराष्ट्रात ज्वारी दोन हंगामांत घेतात. खरिपाची ज्वारी मृगाच्या पावसावर पेरतात आणि दिवाळीच्या आसपास काढतात. रब्बीची ज्वारी, म्हणजेच शाळू, परतीच्या पावसावर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. इथला पाऊस कमी आणि बेभरवशाचा, पण बराचसा सप्टेंबरात पडणारा. भीमा, सीना आणि माण या नद्यांच्या काठची खोल काळी जमीन ती ओल धरून ठेवते, आणि पुढचे चार महिने पीक त्या ओलीवर व थंडीतल्या दवावर उभे राहते.

दाण्याचा दर्जा इथेच ठरतो. खरिपाची ज्वारी पक्व होताना पाऊस लागला तर कणसावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो आणि पिठाला कडवट चव येते. शाळूचे कणीस मात्र स्वच्छ आकाशाखाली, कोरड्या उन्हात वाळते. त्यामुळे त्याचा दाणा टपोरा, पांढरा आणि चकाकीदार राहतो. मोत्यासारखी ज्वारी असे सोलापूरकर म्हणतात ती ही. दळणासाठी शाळूच हवी, हा इथल्या निवडीचा पहिला आणि सर्वांत जुना नियम.

एका शेतात अनेक ज्वाऱ्या

जुन्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ज्वारी एक नव्हती. मालदांडी भाकरीसाठी होती, तशीच जनावरांच्या कडब्यासाठीही. दगडी ज्वारीचा दाणा कठीण, म्हणून साठवणीला टिकाऊ. गूळभेंडीचा दाणा कोवळा असताना गोड लागतो, म्हणून ती हुरड्यासाठी. कुचकुचीही हुरड्यालाच. लाह्यांसाठी बारीक, कठीण दाण्याची ज्वारी वेगळी ठेवायची, कारण नागपंचमीला तिच्याच लाह्या चांगल्या फुलतात. अशा ज्वाऱ्यांच्या थोड्याथोड्या ओळी एकाच शेतात असत आणि त्या कुठे आहेत हे घरातल्या बायकांना नेमके ठाऊक असे.

पेरणीच्या बियाण्याची निवड उभ्या पिकातच होई. भरलेले, घट्ट, रोगमुक्त कणीस हेरून ते वेगळे खुडत आणि घरात आढ्याला टांगून ठेवत. चुलीच्या धुराने त्याला कीड लागत नसे. काणी पडलेल्या कणसाला या निवडीत थारा नव्हता, कारण काणीच्या काळ्या भुकटीचा रोग बियाण्याबरोबर पुढच्या साली शेतात उतरतो. पुढे कृषी खात्याने बियाण्याला गंधकाची भुकटी चोळण्याचा उपाय गावोगाव नेला आणि काणीचे प्रमाण कमी झाले.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला, वेळ अमावास्येच्या दिवशी, सोलापूर, धाराशिव आणि लातूरकडचे शेतकरी कुटुंबासह उभ्या ज्वारीत जातात. कडब्याची कोप करून पूजा मांडतात आणि भाकरी, भज्जी व आंबील यांचे जेवण करतात. या सणाला गावाकडे येळवस म्हणतात. पीक तेव्हा पोटऱ्यात किंवा निसवणीत असते. पुढे वर्षभर जे दळायचे ते कसे येणार आहे, याचा अंदाज घरच्या सगळ्यांना या दिवशी येतो.

खळे : पहिली प्रतवारी

शाळू मुळासकट उपटून काढण्याची इथली पद्धत आहे. पेंढ्या बांधून काही दिवस वाळवायच्या, कणसे खुडायची आणि कडबा वेगळा रचायचा. मळणी खळ्यावर होई. जमीन शेणाने सारवून टणक करायची, मधोमध तिवडा रोवायचा आणि त्याभोवती बैलांची पात फिरवायची. नंतर वाऱ्याच्या दिशेने वावडीवर उभे राहून धान्य उफणायचे. भारी दाणा जवळ पडतो, हलका त्यापुढे आणि भुसकट दूर उडते. वाराच अशी प्रतवारी करून देई. जवळची रास घरच्या दळणाला आणि बियाण्याला, त्यापुढची बलुतेदार व मजुरांच्या मापाला किंवा विक्रीला, आणि उरलेली जनावरांना, अशी वाटणी अनेक घरी होत असे.

मोजमाप वजनाने नव्हे, मापाने होई. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली, मण, खंडी ही मापांची चढती उतरंड. वीस मणांची खंडी, चार शेरांची पायली. पण मण किती पायल्यांचा, हे प्रत्येक बाजारात वेगळे ठरत असे. मापाचा एक फायदा होता. भरीव, टपोरा दाणा पायलीत वजनाला भारी भरतो आणि पोचट दाणा हलका. त्यामुळे ओंजळीत घेऊन दाणा तोलण्याची सवय खरेदी करणाऱ्याच्या हाताला लागली. १९५८ पासून मेट्रिक वजने आली आणि १९६० च्या दशकात किलो-क्विंटल रुळले, तरी ज्वारी ओंजळीत घेऊन पाहण्याची सवय गेली नाही.

पेव आणि दामाजीपंत

रास घरी आली की प्रश्न साठवणीचा. कणगी, भिंतीतले बळद, मातीच्या कोठ्या ही घरातली साधने. मोठ्या साठ्यासाठी पेव. कठीण मुरमाड किंवा घट्ट पांढरीच्या जागी तोंडाला अरुंद आणि आत रुंद असा खड्डा खणायचा, त्याला कडब्याचे व भुसकटाचे अस्तर द्यायचे, धान्य भरून तोंड मातीने लिंपायचे. आत हवा शिरत नाही, म्हणून कीड वाढत नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडताना मात्र जपावे लागे. आतला प्राणवायू संपून विषारी वायू साठलेला असतो. म्हणून तोंड उघडून काही काळ थांबायचे, दिवा खाली सोडून तो विझतो का पाहायचे आणि मगच माणूस उतरवायचा, अशी रीत होती. ती न पाळल्याने माणसे दगावल्याचे प्रसंगही घडत.

पेवातली ज्वारी उपाशी पोट भरते, पण तिला उग्र वास येतो. कडेच्या आणि तळाच्या दाण्यांना ओल लागून त्यांचा रंग पिवळसर होतो. त्यामुळे पेवाचा माल आणि कणगीचा माल हे दोन वेगळे दर्जे मानले जात. रोजच्या भाकरीला कणगीतली ज्वारी, पेवातली अडचणीच्या वर्षासाठी.

जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची सर्वांत मोठी कथा याच साठ्याभोवती उभी आहे. बीदरच्या बहामनी राजवटीचे अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली आणि त्या धान्याचे मोल विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बादशहाकडे भरले, अशी परंपरा आहे. जुन्या सोलापूर गॅझेटियरने १४६० च्या दुष्काळाची नोंद दामाजीपंतांचा दुष्काळ म्हणूनच केली आहे. कथेतला चमत्कार श्रद्धेचा विषय, पण कोठारभर ज्वारी ही या गावाची ओळख शेकडो वर्षांपूर्वीपासून होती, एवढे त्यातून नक्की कळते.

जाते : निवडणे आणि दळणे

दख्खनच्या जुन्या वसाहतींत धान्य दगडी पाट्यावर वरवंट्यासारख्या दगडाने घासून भरडत. फिरते जाते पुढे आले. नेवाशाच्या उत्खननात इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील जाती मिळाली आणि हसमुख सांकलिया यांनी त्यांवर स्वतंत्र लेखन केले. त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षे महाराष्ट्राच्या घरात हे यंत्र फारसे बदलले नाही. खालची स्थिर तळी, वरची फिरती तळी, मधला खिळा आणि हाताचा खुंटा एवढाच त्याचा संसार.

दळणापूर्वी निवडण असे. ज्वारी सुपात घेऊन आधी पाखडायची, म्हणजे गोंडे, भूस आणि पोचट दाणे उडून जातात. मग सूप हलकेच घोळायचे, म्हणजे खडे आणि माती एका कडेला येतात. शेवटी काळे, किडके, फुटके दाणे बोटांनी वेचायचे. एक खडा राहिला तरी भाकरीत दाताखाली येतो आणि जात्याची धारही बिघडते. फार कोरड्या, कठीण ज्वारीचे पीठ रवाळ येते आणि ओलसर ज्वारी जात्यात चिकटते, म्हणून दळणापूर्वी धान्याला ऊन दाखवायचे, पण करपवायचे नाही.

दळणारीची कसोटी वैरण्यात असे. मुठीने दाणे एकदम जास्त वैरले तर पीठ जाडे पडते, कमी वैरले तर दगडावर दगड घासून पिठात कच उतरते. भाकरीला पीठ बारीक हवे आणि कण्यांना भरड. कण्यांसाठी वरची तळी किंचित उचलून धरतील अशी सोय करत. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या हा गरिबाघरचा रोजचा आणि आजाऱ्याचा हलका आहार होता. जाते गुळगुळीत झाले की टाकारी समाजाचे कारागीर दारोदार येऊन छिन्नीने त्याला टाके घालून देत.

हे काम पहाटेचे आणि बायकांचे. त्यातूनच जात्यावरच्या ओव्यांचे भांडार उभे राहिले. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. ओव्यांचे कौतुक करताना त्यामागचे कष्ट विसरता येत नाहीत. कुटुंबाच्या एका दिवसाच्या भाकरीसाठी दिवस उजाडण्यापूर्वी तासन् तास खुंटा ओढावा लागे. पिठाची गिरणी आली तेव्हा तिचे स्वागत झाले ते यामुळेच. लग्नातला घाणा भरण्याचा विधी सोडला तर पुढे जाते घराच्या कोपऱ्यात गेले.

रेल्वे, दुष्काळ आणि बाजाराची ज्वारी

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि १८७७ मध्ये शहरातली पहिली कापड गिरणी, लोकांच्या बोलण्यातली जुनी गिरणी, उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या. गिरणी कामगार, विणकर आणि हमाल यांच्याकडे शेत नव्हते. त्यांना ज्वारी विकत घ्यावी लागे. त्यामुळे शहरात किरकोळ धान्यबाजार वाढला आणि दळणाची ज्वारी पहिल्यांदा दुकानदाराच्या शब्दावर घेतली जाऊ लागली. शेतकऱ्याला कणसापासून दाण्याचा इतिहास माहीत असतो. शहरातल्या गिऱ्हाइकापुढे फक्त उघडे पोते असते. मग पारख डोळ्यांनी, नाकाने आणि दातांनी करावी लागते.

बार्शी ही जिल्ह्यातली दुसरी मोठी पेठ. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी धावू लागली आणि बालाघाटाच्या बाजूचा शेतमाल बार्शीत उतरून पुढे जाऊ लागला. बार्शीची ज्वारी हे नाव मुंबई-पुण्याच्या दुकानांत आजही चालते. त्यातला सगळा माल बार्शी तालुक्यातलाच असतो असे नाही; पेठेचे नाव मालाला चिकटले आहे.

रेल्वे आली तशी दुष्काळाची चालही बदलली. १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. धान्य बाहेरून येऊ शकत होते, पण विकत घेण्याची ताकद लोकांत उरली नव्हती. १८८१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या मागच्या जनगणनेपेक्षा घटलेली दिसते. अशा वर्षी निवडीचा प्रश्नच नसे. जे मिळेल ते दळायचे.

मोहोळची निवड

दुष्काळाच्या या अनुभवातून कोरडवाहू शेतीच्या संशोधनाकडे सरकारचे लक्ष वळले. मुंबई इलाख्यात हे काम १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला सुरू झाले आणि १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू संशोधन केंद्र निघाले. इथले शास्त्रज्ञ एन. व्ही. कानिटकर यांनी ओल टिकवण्याच्या पद्धतींवर केलेले काम १९४४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि देशभर वापरले गेले.

१९३० च्याच दशकात जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात ज्वारीच्या इतिहासातली महत्त्वाची निवड झाली. शेतकऱ्यांच्या मालदांडीत सरमिसळ असे. त्यातून सरस झाडे वेगळी काढून, त्यांची संतती वर्षानुवर्षे पारखून एक शुद्ध वाण निश्चित करण्यात आला. त्याचे नाव मालदांडी ३५-१, कागदोपत्री एम ३५-१. पद्धत नवी होती, पण तत्त्व शेतकऱ्याचेच. भरीव कणीस, पांढरा टपोरा दाणा, चांगला कडबा आणि ओल कमी पडली तरी तग धरणारे झाड, हेच गुण शास्त्रज्ञांनी धरले. म्हणून शेतकऱ्याने हा वाण परका मानला नाही. नव्वदच्या आसपास वर्षे होत आली, तरी महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातल्या रब्बी ज्वारीत त्याची पेरणी चालूच आहे. एवढे आयुष्य फार थोड्या वाणांना लाभते.

पिठाची गिरणी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेलावर चालणारी इंजिने आली आणि त्यांच्या पट्ट्यावर दगडी चक्क्या फिरू लागल्या. कूपर आणि किर्लोस्कर ही महाराष्ट्रातली नावे या इंजिनांशी जोडलेली आहेत. आधी मोठ्या गावात, मग खेड्यात, विजेनंतर गल्लोगल्ली गिरणी झाली.

गिरणीने कष्ट वाचवले आणि नवे शिष्टाचार घालून दिले. आधीच्या गिऱ्हाइकाचे थोडे पीठ चक्कीत उरते, म्हणून ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू असाच क्रम हवा. हरभऱ्याच्या डाळीनंतर ज्वारी टाकली तर भाकरीची चव बदलते. म्हणून दळण टाकताना आधी काय दळले, हे विचारण्याची सवय लागली. दगड फार घट्ट लावले तर पीठ तापते आणि तापलेल्या पिठाची भाकरी नीट थापता येत नाही. जाणती बाई गिरणीतून येणारे पीठ चिमटीत धरून बघते आणि दगड सैल करायला सांगते.

ज्वारीच्या पिठाला एक मर्यादा आहे. दाण्याच्या अंकुरात थोडे तेल असते. दळल्यावर ते उघडे पडते आणि काही आठवड्यांत पीठ खवट होऊ लागते. शिवाय ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा देणारा घटक नसतो. कोमट किंवा गरम पाण्याने पिठातला पिष्टमय भाग फुलतो आणि मळून मळून पीठ एकजीव होते, म्हणूनच भाकरी थापता येते. जुने पीठ हा गुण गमावते. त्याला विरी गेलेले पीठ म्हणतात. त्याची भाकरी थापताना कडेला फाटते. म्हणून सोलापुरात ज्वारी वर्षाची भरली तरी दळण आठ-दहा दिवसांपुरतेच होते.

हायब्रीड, मिलो आणि भाकरीचा कौल

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. खरिपात त्याने उत्पादन वाढवले आणि टंचाईच्या काळात त्या धान्याने अनेकांची पोटे भरली. पण लोकांनी त्याला हायब्रीड या नावाने वेगळेच ठेवले. दाणा पावसात सापडून काळा पडे, भाकरी लवकर कडक होई आणि गोडी कमी लागे. शाळू पिकवणाऱ्या सोलापुरात त्याला स्वयंपाकघराची मान्यता मिळाली नाही.

१९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, रेशनवर मिळाली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. मिलोची भाकरी तांबूस आणि चवीला परकी. ती खाऊन लोक जगले, पण पाऊस पडताच परत मालदांडीकडे वळले. या दुष्काळातल्या कामांच्या अनुभवावरच राज्याने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला.

त्यानंतरच्या संशोधनाने धडा घेतला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि सोलापुरातल्या रब्बी ज्वारी केंद्राने दाण्याचा आणि भाकरीचा दर्जा हाही निकष धरला. फुले यशोदा, फुले वसुधा, फुले चित्रा, फुले सुचित्रा, फुले अनुराधा, फुले रेवती असे वाण आले. भारी, मध्यम आणि हलक्या जमिनीसाठी वेगळे वाण सुचवले गेले. हुरड्यासाठी फुले उत्तरा, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी अशी कामानुसार वाटणीही झाली. जुन्या शेतात वेगवेगळ्या कामांसाठी राखलेल्या ओळींचेच हे शास्त्रीय रूप म्हणता येईल.

ऊस, शहर आणि जुळे सोलापूर

१९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. पाणी आले तिथे ऊस, डाळिंब, द्राक्ष आले आणि ज्वारी मागे हटली. साखर कारखान्यांची संख्या वाढत गेली. शाळू उपटायला आणि कणसे खुडायला मजूर मिळेनात, हेही पेरा घटण्याचे मोठे कारण. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळाल्याने गरिबाच्या घरात पोळी-भात वाढला. गरिबाचे धान्य समजली जाणारी चांगली ज्वारी अलीकडे गव्हापेक्षा महाग विकली जाते, हे त्याचेच उलटे टोक.

याच काळात शहर दक्षिणेकडे पसरले. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या दरम्यान जुळे सोलापूर वाढले आणि १९९२ च्या हद्दवाढीत शहराभोवतीची गावे महापालिकेत आली. नोकरदार, शिक्षक, निवृत्त कर्मचारी आणि तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबे इथे राहतात. त्यांतल्या अनेकांचे गाव आणि शेत सुटलेले नाही. म्हणून इथे ज्वारी येते ती तीन वाटांनी. गावाकडच्या शेतातून किंवा नातेवाइकाकडून थेट. काढणीच्या दिवसांत ओळखीच्या शेतकऱ्याकडून कट्ट्याने. आणि उरलेली दुकानातून किलोकिलोने. पहिल्या वाटेने आलेल्या ज्वारीला अजूनही सर्वांत जास्त मान, कारण तिची जमीन आणि तिचे खळे माहीत असते.

सदनिकेत पेव नाही, बळद नाही आणि गच्ची सामाईक. वर्षाची ज्वारी पत्र्याच्या कोठीत किंवा प्लास्टिकच्या पिंपात भरतात. उन्हाळ्यात कडक ऊन देऊन, गार झाल्यावर, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून झाकण घट्ट लावतात. गरम धान्य भरले तर आत दव धरते. कोपऱ्यावरच्या गिरणीला आता घरघंटीची जोड मिळाली आहे. तिच्यात धान्य दगडाऐवजी फिरत्या पोलादी पात्यांनी फुटते आणि जाळीतून गळते. भाकरीला बारीक जाळी, कण्यांना आणि भरड्याला मोठी. जात्याची तळी उचलण्याचे काम आता जाळी बदलून होते.

आजची पारख

शंभर वर्षांत साधने बदलली, पण पोत्यासमोर उभे राहिल्यावर करायच्या परीक्षा त्याच राहिल्या. दाणा पांढरा, टपोरा आणि नैसर्गिक चकाकीचा असावा. पॉलिश केलेल्या मालाची चकाकी सगळीकडे एकसारखी असते, म्हणून दाणा ओल्या बोटांत चोळून पाहावा. काळे टिपके असलेला दाणा पाऊस लागलेला समजावा. पोत्यात हात घातला तर कोरडी ज्वारी बोटांतून सहज निसटते, दमट हाताला चिकटते. दाताखाली दाणा कट्टदिशी फुटावा. दबला तर ओल आहे. वास स्वच्छ हवा. पिठूळ धूळ किंवा दाण्याला बारीक भोक दिसले तर सोंडकिड्याची लागण सुरू झाली आहे. मळणी यंत्रात फुटलेले दाणे जास्त असतील तर साठवणीला तो माल नको, कारण कीड फुटक्या दाण्यापासून सुरू होते. खरेदीचा काळ फाल्गुन-चैत्र, नवा शाळू बाजारात आल्यावर. आणि शेवटची परीक्षा तव्यावरची. दोन-चार किलो आधी आणून दळायची, भाकरी सहज थापली गेली, टम्म फुगून पापुद्रा सुटला आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहिली, तरच कट्टा घ्यायचा. कडक भाकरीसाठीही हेच पीठ लागते. पातळ थापून तव्यावर वाळवलेली ही भाकरी बचत गटांच्या हातून आता सोलापूरबाहेरही विकली जाते.

या पारखीला आता सरकारी मान्यताही मिळाली आहे. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. केंद्र सरकार हमीभाव जाहीर करताना संकरित आणि मालदांडी ज्वारीचे दर वेगळे सांगते. २०२४-२५ साठी ते क्विंटलला अनुक्रमे ३,३७१ आणि ३,४२१ रुपये होते. फरक केवळ ५० रुपयांचा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारीचे पोषणमूल्य शहरी वर्गात चर्चेत आले.

मालदांडी टिकली ती खाणाऱ्यांनी फरक ओळखला म्हणून. हायब्रीड आणि मिलो या दोन्हींना सोलापूरच्या तव्याने नाकारले आणि त्यामुळे पेरणाऱ्याला शाळू पेरण्याचे कारण उरले. मात्र ५० रुपयांचा फरक उसाशी स्पर्धा करायला पुरत नाही. शेतकऱ्याला चांगल्या दाण्याचे मोल मिळायचे असेल, तर दुकानात किंवा खळ्यावर ज्वारी घेणाऱ्याने वाण, गाव आणि हंगाम विचारूनच ती घ्यावी आणि चांगल्या मालाला चांगला भाव द्यावा.